मसाईच्या सड्यावर झोळी: चार दिवस, एक आढं, दोन तिकाटणी

पहिला दिवस: उद्यमनगर, बुरुड गल्ली, लक्ष्मीपुरी

पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार पसरलं आहे. जांभ्याचा सलग सडा, म्हणजे उघडा सपाट खडक, वर बोटभर माती, तिच्यावर वाळलेलं गवत. हॅमॉक, म्हणजे आपली झोळी, टांगायला चार-पाच मीटर अंतरावर दोन दणकट झाडं लागतात. इथे एक मिळणं मुश्किल. लोखंडी खुंटी ठोकावी तर दोन इंचांवर दगड लागून वाकते. त्यामुळे जमिनीत काहीही न रोवता उभा राहणारा स्टँड हवा, आणि तो सुटा होऊन जीपच्या टपावर जाणारा हवा.

ऊसतोडीच्या फडात तीन काठ्यांचं तिकाटणं उभं करून त्यात बाळाची झोळी बांधतात. ती उत्तम चालते, कारण तिची ओढ सरळ खाली असते. मोठ्या माणसाची झोळी मात्र दोन टोकांना टांगलेली असते आणि ती दोन्ही टोकांना आत खेचते. 80 किलोचा माणूस झोपला आणि दोऱ्या आडव्या रेषेशी 30 अंशांत असल्या, तर प्रत्येक दोरीवर 80 किलोचा ताण येतो. त्यातले 40 किलो खाली जातात आणि 69 किलो आडवे, आतल्या बाजूला. दोरी ताणून 15 अंशांवर आणली की तोच ताण दोरीत 155 किलोच्या आसपास आणि आडवा जवळजवळ 150 किलो होतो. झोळी जास्त ताणली की सपाट होईल, हा समज स्टँड मोडायचं पहिलं कारण आहे.

या आडव्या ओढीला दोनच उत्तरं आहेत. एक, बाहेरून ताण देऊन खुंट्यांना बांधायचं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंच सासनकाठी दोर धरून तोलतात, पण तिथे दोर धरायला माणसं असतात आणि सड्यावर खुंटीसुद्धा धरत नाही. दुसरं, दोन टोकांच्या मध्ये घराला असतं तसं आढं टाकायचं आणि आडवी ओढ त्या आढ्यातच दाबून जिरवायची. मग पायांकडे फक्त वजन उरतं. दोन तिवया आणि वर आडवा पाइप, या रचनेला हॅमॉकवाले लोक टर्टलडॉग म्हणतात. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे: ओढ आढ्याने घ्यायची, वजन पायांनी.

आढं स्वस्तात उरकू नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एम.एस., म्हणजे साध्या पोलादाचा (माइल्ड स्टील) गोल पाइप 6 मीटरच्या लांबीत येतो. घ्यायचा तो 38 मिमी बाहेरचा व्यास आणि 1.6 मिमी, म्हणजे 16 गेज जाडीचा. मीटरला साधारण 1.45 किलो भरतो. 3 मीटर लांबीत हा पाइप सैद्धांतिकदृष्ट्या 650 किलोच्या पुढे बाक घेतो. कुणी झोळीत धपकन बसलं तर 69 किलोचे क्षणभर 150 ते 170 होतात, तरी चौपट हात राखून राहतो. हलका म्हणून 25 मिमी, 1.2 मिमीचा पाइप सुचवला जाईल. त्याचा आकडा याच लांबीत जेमतेम 140 किलो आहे. तो शांतपणे झोपलेल्या माणसाला पेलेल, आणि कुणी धपकन बसलं की मधोमध वाकेल. एकदा वाकलेला पाइप सरळ करून पुन्हा आढ्याला वापरायचा नाही.

कापून 1 मीटरचे तीन तुकडे करायचे. दोन तुकडे दीड-दीड मीटरचे केले तर सांधा नेमका मध्यावर येतो आणि बाक मध्यावरच सगळ्यात जास्त असतो. तीन तुकड्यांत सांधे मध्यापासून दूर जातात, शिवाय तुकडे पोत्यात मावतात. एका 6 मीटरच्या पाइपात दोन आढी निघतात, तेव्हा जोडीने करणाऱ्यांचा खर्च निम्मा.

सांध्यासाठी आतून स्लीव्ह, म्हणजे दोन्ही तुकड्यांत शिरणारा आखूड पाइप, लागते. 38 चा पाइप 1.6 जाडीचा असल्याने आतून 34.8 मिमी मोकळा असतो. नळाचा एक इंची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप बाहेरून 33.7 मिमी असतो. साधारण एक मिलिमीटरची सूट राहते, हाताने सरकायला तेवढी पुरे. 32 मिमीचा पाइप आत घातला तर सांधा खुळखुळतो आणि आढ्याला तिथेच कोपर येतं. स्लीव्ह 30 सेंमीची घ्यायची, दोन्हीकडे 15-15 सेंमी. 20 सेंमीत भागतं असं वर्कशॉपमध्ये सांगतील, पण स्लीव्ह जितकी आखूड तितका त्याच एका मिलिमीटरच्या सुटीचा कोन मोठा.

एक अडचण हमखास येते. पाइपच्या आत वेल्डची उभी रेघ उंचावलेली असते आणि स्लीव्ह तिच्यावर अडते. ती रेघ टोकापासून 16 सेंमीपर्यंत अर्धगोल कानशीने घासून काढायची. हातोडीने स्लीव्ह ठोकून बसवली तर ती सड्यावर कधीच निघणार नाही. स्लीव्ह एका तुकड्यात दोन टाके वेल्ड मारून कायमची बसवायची, दुसऱ्या बाजूला मोकळी. मोकळ्या बाजूला 6 मिमीचं भोक आणि विंग नटचा बोल्ट ठेवला तर उभारताना तुकडे निसटत नाहीत. भार त्या बोल्टवर नाही. आढं कायम दाबात असल्याने पाइपची तोंडं एकमेकांवर टेकूनच भार पुढे जातो.

म्हणून ती तोंडं काटकोनात हवीत. कटर मशीनवर पाइप किंचित तिरका धरला गेला की काप तिरका येतो, तोंडं एका कडेवरच टेकतात आणि भार आला की आढं त्या बाजूला कलतं. प्रत्येक कापाला गुण्या लावून बघायचा. गुण्या आणि पाइपच्या तोंडातून उजेड दिसला तर कानस मारायची. चार सांध्याच्या तोंडांना मिळून अर्धा तास लागतो आणि सगळ्या कामात हाच अर्धा तास सगळ्यात मोलाचा.

पायांसाठी बुरुड गल्ली. सहा पाय, प्रत्येकी 1.8 मीटर. माणगा जातीचा बांबू मागायचा. तो जवळजवळ भरीव असतो, 28 ते 32 मिमी जाडीचा पुरतो. प्रत्येक पायावर 15-16 किलोच येणार, त्यामुळे इथे लोखंडाची गरज नाही. निवडताना तीन गोष्टी बघायच्या: पेरांजवळ पिठासारखा भुसा पडत असेल तर आत कीड आहे, हिरवा असेल तर वाळल्यावर बारीक होतो आणि बांधणी ढिली पडते, बुडखा आणि शेंडा यांत फार फरक असेल तर तिन्ही पाय सारखे बसत नाहीत. थोडा बाक चालतो, उभी चीर चालत नाही.

लक्ष्मीपुरीत उरलेलं सामान मिळतं: तिकाटण्याच्या बांधणीला 6 ते 8 मिमी काथ्याची दोरी, तीन-तीन मीटरचे दोन तुकडे, पायबंदाला (पावलं पसरू नयेत म्हणून ती एकमेकांना बांधायला) 4 मिमी पॉलिएस्टर दोरी 10 मीटर, 25 मिमी रुंदीचा पॉलिएस्टर पट्टा, एक-एक मीटरचे दोन, 8 मिमीचे 60 मिमी लांब बोल्ट दोन, वायसर आणि नायलॉक नट, 38 मिमीचे प्लॅस्टिक बुच दोन. बांबूच्या बुडाला घालायचे रबरी बूट औषधांच्या दुकानात कुबडीचे म्हणून मिळतात. जाताना बांबूचा तुकडा बरोबर न्यावा, माप सांगून चूक होते.

दुसरा दिवस: जुळणी आणि भार

आढ्याच्या दोन्ही टोकांपासून 10 सेंमी आत 8.5 मिमीचं आरपार भोक. मधलं अंतर 2.8 मीटर झालं. हे अंतर झोळीच्या लांबीवरून ठरतं: कापड 3.3 मीटर असेल तर टांगण्याचं अंतर त्याच्या 83 टक्के, म्हणजे 2.74 मीटर, आणि पट्ट्याच्या वेढ्यात दोन्हीकडे तीन-तीन सेंमी जातात. कापड 3 मीटरचंच असेल तर भोकं आत घ्यायची, झोळी ताणून पोचवायची नाही.

भोकातला बोल्ट झोळी धरत नाही, फक्त पट्ट्याला आत सरकू देत नाही. पट्टा बोल्टच्या बाहेरच्या अंगाला पाइपवर दोन वेढे देऊन घ्यायचा, बोल्टला अडकवायचा नाही. बोल्टचे आटे पट्ट्याला करवतीसारखे कापतात. नटाच्या बाहेर दोन आट्यांपेक्षा जास्त बोल्ट उरला तर तो कापून, घासून, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा.

वेढा पाइपला लागून हवा. मध्ये लांब साखळी किंवा कॅराबिनरची माळ लावून झोळी 10-15 सेंमी खाली टांगली की ओढ पाइपच्या मध्यरेषेतून न जाता तिच्या खालून जाते, आणि आढं दाबाबरोबर वाकही सोसायला लागतं. झोळी खाली घ्यायची असेल तर पाय पसरायचे, दोरी वाढवायची नाही.

गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइड, वर रंग. स्लीव्हला रंग नको, रंगाची जाडीच ती एका मिलिमीटरची सूट खाऊन टाकते. ग्रीसही नको, त्यात सड्यावरची रेती चिकटते. मेणबत्ती घासली की पुरतं.

तिकाटण्याची बांधणी हे आजचं खरं काम. तीन बांबू जमिनीवर शेजारी शेजारी, बुडखे एका रेषेत. शेंड्याकडून 15 सेंमीवर काथ्याने विणत जायचं: पहिल्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, तिसऱ्याच्या वरून, आणि परत. असे सहा वेढे. मग प्रत्येक दोन बांबूंमधल्या फटीतून दोन-दोन आवळते वेढे आणि शेवटी दाव्याला घालतो तशी गाठ. बांधताना वेढे घट्ट ओढायचे नाहीत, बांबूंमध्ये करंगळी जाईल इतकी सैल ठेवायची. पाय उघडले की बांधणी आपोआप आवळते. आधीच घट्ट आवळली तर पाय उघडत नाहीत आणि जोर केला की बांबू पेराखाली चिरतो. फारच सैल राहिली तर भार आल्यावर वरचा फाटा खाली घसरतो. इथे काथ्याच का, तर नायलॉन बांबूच्या गुळगुळीत सालीवर सरकतो आणि ताणला की लांबतो. काथ्या खरखरीत असल्याने धरून राहतो.

उघडताना मधला बांबू एकीकडे, कडेचे दोन दुसरीकडे. वर तीन शेंड्यांचा फाटा तयार होतो, आढं त्या फाट्यात आडवं बसतं. बांधणीखाली 1.65 मीटर पाय राहतो. आढं 1.45 मीटर उंचीवर हवं असेल तर प्रत्येक पाऊल मध्यबिंदूपासून 79 सेंमी बाहेर जातं आणि दोन पावलांमधलं अंतर 1.36 मीटर येतं. तेवढ्या मापाचा पॉलिएस्टर दोरीचा त्रिकोण तिन्ही पावलांना बांधायचा. हाच पायबंद. खुंटीशिवाय पाय पसरू न देणारी एकमेव गोष्ट ही आहे, आणि तिच्यावर ताण जेमतेम पाच किलोचा येतो, म्हणून 4 मिमी दोरी भरपूर झाली. दोरी रबरी बुटाच्या वर, पहिल्या पेराच्या खाली बांधली की वर सरकत नाही.

दिशा चुकू नये. प्रत्येक तिकाटण्याचा एक पाय बाहेर, आढ्याच्या रेषेत; उरलेले दोन आत आणि बाजूला, झोळी त्यांच्या मधून जाते. उलट केलं तर एक पाय झोळीखाली येतो, डोकं त्याच्यावर आपटतं. फाटा आणि पट्ट्याचा वेढा शेजारी शेजारी हवेत. तिकाटणं वीस सेंमी आत सरकलं तर आढ्याचं टोक तेवढं बाहेर लोंबतं आणि भार त्या लोंबत्या टोकावर येतो.

दुपारी भार. माणूस आधी बसवायचा नाही. वाळूची 25-25 किलोची पोती, दोन घालून अर्धा तास, मग चार. शंभर किलोवर झोळीच्या तळापासून जमीन मोजायची. 40 ते 50 सेंमी राहिली तर बसायला-उठायला खुर्चीइतकी उंची मिळते. नंतर आढ्याच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे पाहायचं. सांध्याजवळ बाक दिसला तर काप तिरका आहे किंवा स्लीव्ह आखूड. मध्ये एकसारखा हलका बाक असेल आणि पोती काढल्यावर तो जात असेल तर काळजी नाही. फाट्यावर खडूने खूण करून ठेवली तर बांधणी किती घसरली ते कळतं. पहिल्या भाराला एक-दोन सेंमी घसरून ती थांबते. थांबली नाही तर सोडून पुन्हा विणायची.

सगळं वजन बारा किलोच्या आसपास: आढं आणि स्लीव्ह पावणेसहा, बांबू साडेपाच, बाकी दोऱ्या. पाठीवर न्यायचं हे सामान नाही. गाडी जिथवर जाते तिथून दोघांनी दोन-तीनशे मीटर उचलून न्यायचं आहे.

तिसरा दिवस: पन्हाळा, म्हाळुंगे, सडा

कोल्हापूर ते पन्हाळा वीसेक किलोमीटर. बांबू टपावर बांधताना शेंडे मागे ठेवावेत आणि त्यांना लाल फडकं बांधावं. पन्हाळ्याहून म्हाळुंग्याकडे उतरून पुढे पठाराची चढण. पन्हाळगड ते पावनखिंड पदभ्रमंतीची मंडळी जुलैत याच वाटेने जातात. मसाई देवीचं देऊळ आणि पांडवदऱ्याची लेणी याच परिसरात आहेत. पठार संवर्धन राखीव असल्याने तळ त्याच्या कडेला, मालकाला विचारून, पडीक रानात टाकायचा. तिथेही जमीन तीच: जांभा, आणि झाडाच्या नावाने करवंदीची जाळी.

उभारणीला दोघांना बारा ते पंधरा मिनिटं लागतात. आधी दोन्ही तिकाटणी उघडून पायबंद ताणायचे, मग आढं जमिनीवर जोडून दोघांनी एकदम उचलून फाट्यांत ठेवायचं. एकट्याने एक टोक ठेवून दुसरं उचलायला गेलं की पहिलं तिकाटणं ओढलं जाऊन पडतं. एकटा असेल तर पहिल्या तिकाटण्याच्या बाहेरच्या पायावर वीस लिटरचा पाण्याचा कॅन टेकवावा.

जांभ्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि भोकाभोकांचा असतो. रबरी बूट त्यावर सुरेख धरतात, बिनबुटाचा बांबू मात्र गुळगुळीत जागी सरकतो. उतार असेल तर झोळी उताराच्या दिशेत न टांगता आडवी टांगावी, नाहीतर रात्रभर माणूस एका टोकाला घसरत राहतो. खालच्या बाजूचे पाय थोडे जवळ घेतले की उंची वाढते. पायबंदात त्यासाठी सरकती गाठ ठेवावी. तरी पावलांमधलं अंतर सव्वा मीटरच्या खाली आणायचं नाही. बाजूच्या पावलापर्यंतचं अंतर 68 सेंमी आणि उंची 145 सेंमी हे गणित धरलं तर झोका 25 अंशांच्या आसपास गेला की स्टँड उलटायला लागतो. पाय आत घेतले की तो याहून लवकर उलटतो. मुलांना या झोळीत झोके घेऊ द्यायचे नाहीत, मोठ्यांनीही नाही. ही झोपायची झोळी आहे.

आत शिरताना आधी मधोमध बसायचं, मग पाय वर. झोपायचं ते मध्यरेषेला दहा-पंधरा अंश तिरकं, डोकं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या. तिरकं झोपलं की पाठ जवळजवळ सपाट होते. सपाटपणा इथे मिळतो, दोरी ताणून नव्हे.

ताडपत्री 3 बाय 4 मीटरची, आढ्यावरूनच टाकायची. वेगळी दोरी लागत नाही. कडा बांधायला बांधावरचे सुटे दगड घ्यायचे आणि सकाळी जिथले तिथे ठेवायचे. जमिनीत रुतलेला दगड उपटायचा नाही, त्याच्या कडेच्या मातीतच पावसाळ्यात सड्यावरची फुलं येतात. एका बाजूची सहा चौरस मीटर ताडपत्री ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्यात पंचवीस-सव्वीस किलोचा ढकल घेते. झोळीत माणूस असताना तो ढकल काहीच नाही. झोळी रिकामी असताना मात्र बारा किलोचा स्टँड ताडपत्रीसकट उलटतो. तेव्हा देवळाकडे किंवा लेण्यांकडे जाताना ताडपत्री उतरवूनच जायचं. आढ्याचं टोक वाऱ्याकडे ठेवलं तर रात्री फडफड कमी.

हिवाळ्यात सड्यावर थंडी खालून येते. अंगावर दोन घोंगडी घेतली तरी पाठ गारठते, कारण अंगाखाली दबलेल्या पांघरुणातली हवा निघून जाते आणि ऊब त्या हवेचीच असते. झोळीत आधी फोमची चटई, तिच्यावर वाकळ. त्याहून बरं म्हणजे दुसरी वाकळ झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला सैल टांगायची: चारही कोपरे दोरीने आढ्याला, कापड झोळीला जेमतेम टेकेल इतकंच. ती दबत नाही, म्हणून ऊब धरते. हा फरक एका रात्रीत कळतो.

चौथा दिवस: दव, आणि प्रयाग चिखलीची काळी माती

पहाटे दव इतकं पडतं की ताडपत्रीच्या कडेने पाणी ठिबकतं. उठल्यावर पहिलं काम पायबंद तपासायचं. नायलॉनची दोरी वापरली असेल तर भिजून ती लांबलेली असते, पावलं दोन-तीन सेंमी बाहेर गेलेली असतात आणि झोळी खाली आलेली. पॉलिएस्टर भिजूनही फारसा लांबत नाही, म्हणून लक्ष्मीपुरीत तोच मागायचा. काथ्याच्या गाठी बोटाने दाबून बघाव्यात. बांबूवर नवीन चीर दिसली तर तो पाय बाद. आढं सोडताना सांधा अडकला तर ओढू नये, पिळावा. मेण लावलेली स्लीव्ह पिळली की निघते.

परतीला थोडं आत वळून प्रयाग चिखली. नद्यांचा संगम इथे होऊन पंचगंगा पुढे कोल्हापूरकडे जाते. काठाला ऊस आणि मळीची काळी जमीन. इथेही टांगायला झाड नाही, पण जमीन सड्याच्या अगदी उलट. रबरी बूट ओल्या मातीत सरळ खाली जातात, आणि सगळे सारखे जात नाहीत. एक पाय पाच सेंमी रुतला की फाटा त्या बाजूला कलतो, आढं सरकतं आणि पट्टा बोल्टवर तिरका ओढला जातो. उपाय साधा: प्रत्येक पायाखाली वीतभर चौकोनी, 12 मिमी प्लायवूडचा तुकडा, मध्यभागी बुटाच्या मापाची उथळ खाच. सहा तुकडे मिळून दोन-अडीच किलो वजन वाढतं. मातीत पायबंद काढून खुंट्या मारायचा मोह होतो, पण ओल्या काळ्या मातीत खुंटी रात्रीतून ढिली होते. पायबंद तसाच ठेवायचा.

माती लागलेले बूट धुऊन, बांबू सावलीत आडवे वाळवून ठेवायचे. उन्हात उभे ठेवले तर आठवड्यात बाक धरतात. काथ्याची बांधणी सोडून टाकायची, पुढच्या वेळी नव्याने विणायची.